मस्कतकडचे दोन बाण

११ जानेवारी, रविवार

जे झालं ते क्रमाने. आधी इथे लिहिते, ऑफिसात मागितलं तर तयार असेल.

१. प्रदर्शनातलं सहावं पॅनल, टचस्क्रीन. विषय: मस्कतची गादी आणि इंग्रजांचा तनखा. जुना सुलतान वारला, राज्य दोन मुलांत वाटलं गेलं. एकाला मस्कत, दुसऱ्याला झांझिबार. झांझिबार श्रीमंत, म्हणून इंग्रजांनी ठरवून दिलं की झांझिबारने मस्कतला दरसाल रक्कम द्यायची. पुढे ते देणं थांबलं, तेव्हा इंग्रज सरकार ती रक्कम हिंदुस्थानच्या तिजोरीतून, मुंबईमार्गे, स्वतः देऊ लागलं.

२. पॅनलवर नकाशा. नकाशाखाली तीन चौकटी, पश्चिमेकडून पूर्वेकडे: झांझिबार, मस्कत, मुंबई. मधे दोन बाण. दोन्ही मस्कतकडे.

३. पॅनल इंग्रजी आणि अरबी. अरबी निवडलं की सगळी मांडणी उजवीकडून डावीकडे होते. नकाशा उलटत नाही. चौकटी नकाशाला बांधलेल्या, म्हणून त्याही उलटत नाहीत.

४. बाण उलटले.

५. म्हणजे अरबी पॅनलवर मस्कतचा सुलतान झांझिबारलाही पैसे देतो आणि मुंबईलाही. घेणारा होता, तो खंडणी भरणारा झाला.

६. गुरुवारी निवडक पाहुण्यांसाठी उद्घाटनाआधीची फेरी होती. मस्कतहून आलेले एक वृद्ध गृहस्थ. प्रदर्शनातल्या बऱ्याच वस्तू त्यांच्या घरातल्या: खंजीर, कॉफीची भांडी, एक पेटी. ते सहाव्या पॅनलसमोर थांबले. अरबी बटण दाबलं.

७. नूराला (प्रदर्शन तिने रचलंय, सौदी, माझ्याच वयाची) ते एक वाक्य बोलले. "आमच्या घरात हे येत होतं, जात नव्हतं." मग थोडा वेळ थांबले आणि गेले.

८. काल निरोप आला. वस्तू परत हव्यात. ज्या संस्थेचं प्रदर्शन आहे तिने आमच्या कंपनीला विचारलंय: जबाबदार कोण, त्याचं नाव कळवा आणि त्याला कामावरून हटवा.

९. बाण मी बसवले होते.

नववा मुद्दा पहिला हवा होता. पेनाने लिहिलंय, आता राहू दे.

आज बाण सरळ केले. चहा थंड व्हायच्या आत झालं. स्क्रीनवर कापड घातलेलं आहे, त्यामुळे सरळ केलेले कुणाला दिसत नाहीत.

१२ जानेवारी, सोमवार

इरफानभाईंनी बोलावलं. प्रोजेक्ट मॅनेजर, हैदराबादचे. एरवी मला 'इंजिनियर साब' म्हणतात. आज म्हणाले नाहीत. दार लावून घेतलं.

"नाम पूछ रैं वो लोगां."

"बाण मैंने..."

"पहले सुनो. अंग्रेजी में गलती है? नै. अरबी में है. तो अरबी किसके हाथ में थी?"

अरबी उस्ताज (म्हणजे गुरुजी) बशीर यांच्या हातात. सुदानी, साठीच्या जवळ, खार्तूमला कॉलेजात शिकवत. आमच्याकडचा सगळा अरबी मजकूर तेच लिहितात आणि तेच तपासतात. मी म्हटलं, ते शब्द तपासतात. बाण नाही.

"हौ, मगर बाण भी तो अरबी वाले में ही उल्टा हुआ ना."

याला उत्तर आहे. मी दिलं नाही. का दिलं नाही ते...

मग म्हणाले, "देखो, छोटी गलती छोटे आदमी के नाम पे रहे तो छोटी रहती. तुम्हारे नाम पे गई तो सॉफ्टवेअर पे जाती, सॉफ्टवेअर से कंपनी पे, कंपनी से कफील पे. फिर सब के इकामे हिलते."

(इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो कफीलच्या, म्हणजे कंपनीच्या इथल्या जामीनदार मालकाच्या, नावावर असतो.) मी फक्त एका तांत्रिक अहवालावर सही करायची. अहवाल ते लिहितील. त्यात एकच महत्त्वाचं वाक्य: 'प्रणालीत दोष आढळला नाही.' गुरुवार, बावीस तारखेपर्यंत.

उठताना म्हणाले, तबूक शहरातल्या नव्या कामाला लीड म्हणून तुझं नाव टाकलंय. मग चहाचा घोट. मग, "रिन्यूअल भी फेब्रुवारी में ही आता ना तुम्हारा?"

उ. बशीर आज आले नाहीत. त्यांना 'थोडे दिवस आराम करा' असं सांगितलंय म्हणे.

१३ जानेवारी, मंगळवार

वाक्य तपासलं. 'प्रणालीत दोष आढळला नाही.' खरं आहे. प्रणालीने जे सांगितलं ते केलं. पुढे जाणारा बाण अरबीत उलटा होतो, तसाच व्हायला हवा, एरवी. हे बाण मी चिन्हांच्या त्याच खणातून उचलले जिथून 'पुढचं पान'चा बाण उचलते. नकाशाला 'उलटू नको' सांगितलं. बाणांना सांगितलं नाही.

हे झालं कारण. पण ते तपासणीत का सापडलं नाही?

माझी तपासणीची पद्धत: इंग्रजी पॅनल डावीकडे उघडायचं, अरबी उजवीकडे. मला अरबी अक्षर जोडून वाचता येतं, दुकानाची पाटी, इकाम्यावरचं नाव. वाक्य कळत नाही. म्हणून वाक्य बघतच नाही, उलटलेपण बघते. जे उलटलं ते बरोबर. न उलटलेलं शोधायचं आणि लाल करायचं. दोन वर्षं असंच करतेय, चांगलं चालतं.

बाण उलटलेले दिसले. मी बरोबरची खूण केली. घाईत नाही. नीट बघून केली.

उस्ताजांना पॅनल दिसतच नाही. त्यांना मजकूर तक्त्यात जातो, तक्त्यातून परत येतो. शेवटच्या कागदावर 'अरबी आवृत्ती मंजूर' या ओळीपुढे त्यांची सही असते, कारण ती ओळ तशी छापलेली आहे. तिथे दुसऱ्या कुणाच्या सहीला जागाच नाही.

दुपारी डबा उघडला आणि बंद केला.  

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. वैजूताईने (माझी रूममेट, सरकारी हॉस्पिटलात डायलिसिसची नर्स, चिपळूणची) ड्युटीवरून येऊन तिळगूळ केला. गूळ इंडियन ग्रोसरीतला, चिकीचा नाही, त्यामुळे लाडू वळेनात. शेवटी थापून वड्या पाडल्या.

"घे. आणि गोड बोल. निदान बोल तरी. चार दिवस झाले, घरात मी आणि फ्रिजच बोलतोय."

सांगितलं. तिने मधे एकदाही टोकलं नाही, हे तिच्यासाठी फार.

मग म्हणाली, "आमच्या वॉर्डात काही चुकलं ना, की आधी ड्युटी चार्ट काढतात. आणि जी रजेवर असते तिचं नाव पुढे करतात. ती भांडायला जागेवर नसते."

"उ. बशीर रजेवरच आहेत."

"बघ. शिकली हो तुमची कंपनी."

संध्याकाळी तिनेच डब्यात वड्या भरून दिल्या. उ. बशीर आमच्याच मलाझ वस्तीत राहतात, दोन गल्ल्या पलीकडे. दारात मुलगी आली, शाळेच्या वयाची, इंग्रजीत म्हणाली बाबा नमाजला गेलेत, बसा. बसले. हीटर एकच, तो त्यांनी माझ्याकडे वळवला. भिंतीला लावलेली खोकी, न उघडलेली. खार्तूमहून जे निघालं ते त्यांच्यात आहे. घर तिथे आता नाही, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. ते स्वतः बोलत नाहीत.

ते आले. वडी खाल्ली, हसले. "हे तर आमचं सिमसिमीया! तुम्ही यात खोबरं का घालता?"

माहीत नाही म्हटलं.

त्यांनी ऑफिसचं काही विचारलं नाही. मीही नाही. मग तेच सहाव्या पॅनलबद्दल बोलू लागले, जणू ते अजून चालू आहे. म्हणाले, एक गोष्ट मजकुरात बसली नाही, जागा कमी होती. मस्कतला कुणी नवा गादीवर बसला की इंग्रज तनखा अडवून ठेवत. मान्यता मिळेपर्यंत पैसे नाहीत. भाऊ, चुलते, चुलतभाऊ, सगळ्यांचे दावे. "तो दरबार भरवायचा, लोक हात चुंबायचे, आणि याचं लक्ष बंदराकडे. जहाज आलं का? पैसे आले तर तो सुलतान. नाही आले तर तो नुसता किल्ल्यात राहणारा माणूस." मग माझ्याकडे बोट करून, "आणि जहाज तुमच्या मुंबईहून, बिन्ती."

"मी सांगलीची."

"तेच ना?"

नाही म्हणायला हवं होतं. बिन्ती म्हणजे माझी मुलगी. सगळ्याच मुलींना म्हणतात ते.

मी त्यांना बाणांचं सांगायला गेले होते. न सांगता आले. रिकामा डबा घेऊन.

१६ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. बाबांचा फोन. मी विषय काढला, नुसता इतिहास म्हणून. बाबांना आवडलं. "अगं, आपल्याकडे काय वेगळं होतं? गादीवर कोण, दत्तक मंजूर की नामंजूर, ते साहेब ठरवणार. आपले राजे तर पुढे तनख्यावरच जगले." मग, "तू जेवतेस ना?" हो म्हटलं.

वै.ताई ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "बापाला सांगलीत बसून सुलतानाचं कळतं, पण पोरगी खोटं बोलतेय ते कळत नाही."

तिला विचारलं, तू काय केलं असतंस.

"मी? मी आजारी पडले असते. सहीही नाही आणि नाहीही नाही. डॉक्टर आपलेच आहेत, चिठ्ठी मिळेल."

"किती दिवस?"

"तुझा म्हातारा उस्ताज देशाबाहेर जाईपर्यंत."

 मग ती भांडी आपटत म्हणाली, "असं नव्हतं म्हणायचं मला, केतकी. तुझं रिन्यूअल गेलं तर मी या भाड्यात एकटी राहू शकत नाही, हेपण खरं आहे ना? ते कोण लिहिणार तुझ्या अहवालात?"

ते खरं आहे. इथे लिहिलं.

१८ जानेवारी, रविवार

अहवाल आला. दीड पान. माझं नाव, पद, टाइप केलेलं. 'प्रणालीत दोष आढळला नाही. अरबी आवृत्तीची अंतिम मंजुरी संबंधित भाषातज्ज्ञांनी दिली होती.' दोन्ही वाक्यं खरी. एकाशेजारी एक ठेवली की मधे तिसरं तयार होतं आणि ते कुणीच लिहिलेलं नाही.

मी अशी वाक्यं चांगली ओळखते. मीही अशीच लिहिते.

एच.आर.कडून कळलं, उ. बशीर यांचा करार ३१ला संपतो, तो पुढे चालू होणार नाही. अजून त्यांना पत्र दिलेलं नाही. अहवालानंतर देणार. इकामा कंपनीवर, बायको आणि मुलगी त्यांच्या इकाम्यावर. दुसरा कफील मिळाला तर ठीक. साठीच्या माणसाला, अशा शेऱ्यासकट. नाही मिळाला तर खुरूज, म्हणजे देश सोडायचा. कुठल्या देशात जायचं हे त्या फॉर्मवर विचारत नाहीत.

सही केली नाही. 'वाचतेय' असं कळवलं.

मेल किती वेळा उघडते ते मोजायचं नाही असं ठरवलंय.

२० जानेवारी, मंगळवार

नूराने प्रदर्शनाच्या जागी बोलावलं. वस्तू बांधायला माणसं येणार, त्याआधी काचेच्या पेट्यांचे सेन्सर बंद करायचे होते. दालनात आम्ही दोघीच. ती सहाव्या पॅनलपाशी उभी राहिली आणि एकदम म्हणाली (आम्ही इंग्रजीतच बोलतो),

"त्या दिवशी त्यांनी फिंजान कुठे ठेवला ते तू बघितलंस?"

फिंजान म्हणजे तो बिनकानाचा लहान कप, गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा.

"स्क्रीनच्या कडेला. मी उचलला."

"तू?"

"उपकरणाजवळ पातळ काही नको. नियम आहे."

"भरलेला होता?"

"भरलेला."

ती हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. खाली जमिनीवरच बसली, अबायाचा घोळ गोळा करून, आणि सांगितलं. पाहुण्याला यजमानाकडे काही मागायचं असेल तर तो गहवा घेतो आणि न पिता समोर ठेवतो. यजमानाने ते पाहायचं. आणि म्हणायचं, प्या, तुमचं काम झालं. मगच तो पितो. "माझ्या आजोबांच्या बैठकीत हे मी लहानपणी कितीदा पाहिलंय. कप खाली गेला की आजोबांचं बोलणं तिथेच थांबायचं. आणि त्या दिवशी मी लाइटवाल्याशी फोनवर भांडत होते."

"त्यांना काय मागायचं होतं?"

"बाण सरळ करा. आणखी काय? त्यांनी मागितलं. ते उभे होते, वाट बघत. आणि आपल्यातली एक मुलगी आली आणि भरलेला कप उचलून घेऊन गेली." थांबली. "आमच्याकडे त्याचा अर्थ काय होतो, माहितेय? नाही. तुमचं काम होणार नाही. जा."

मला तो कप आठवतोय. मी दोन्ही हातांनी नेला, सांडू नये म्हणून. मोरीत ओतला. धुतलासुद्धा.

अकरा तारखेच्या यादीत जोडायचं:

१०. भरलेला फिंजान मी उचलला.

नूराला विचारलं, नाव का हवंय तुमच्या संस्थेला. म्हणाली, संचालकांना त्या गृहस्थांकडे जाऊन काहीतरी सांगायचंय, रिकाम्या हाताने कसं जाणार. "नाव ही नुसती औपचारिकता आहे."

"ज्याचं आहे त्याला नाही."

तिने मान हलवली. उठली. पेट्यांचे सेन्सर मी बंद केले, सहा नंबरला हात लावला नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

इ.भाई: "सही?"

मी म्हटलं, दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पण अपुरी आहेत.

"बरोबर हैं तो करो ना बाबा! तुम ही तो बोलते, सही को सही बोलना."

मी तिसरं वाक्य कागदावर लिहून पुढे ठेवलं: 'बाणांची मांडणी आणि तपासणी केतकी हिने केली, भाषातज्ज्ञांना पॅनल दाखवण्याची पद्धत कंपनीत नाही.'

त्यांनी ते वाचलं. चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते म्हातारे दिसतात, मला माहीत नव्हतं.

"पहला आधा तुमको ले जाएगा. दूसरा आधा मेरे को. ये पद्धत किसने बनाई? मैं. तीन बच्चे यहाँ इंडियन स्कूल में हैं, इंजिनियर साब. मेरा इकामा भी वही कफील पे है."

पुन्हा 'इंजिनियर साब'. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांचे हात कागदाच्या कडा सरळ करत होते, सरळ असलेल्या.

अखेर म्हणाले, पुढच्या गुरुवारपर्यंत थांबतो, २९. त्यानंतर तुझ्या सहीशिवाय मी माझ्या नावाने पाठवीन, तू मधे नसशील. "तुम सिर्फ चुप रैना. चुप रैने में क्या सही लगती?"

म्हणजे आता काही न करणंही पुरेसं आहे. हे जास्त वाईट.

२३ जानेवारी, शुक्रवार

उ. बशीर यांच्याकडे. या वेळी दारातच सांगितलं, आत जाऊन बसले तर पुन्हा राहील म्हणून. बाण मी बसवले. मीच तपासले. उलटे दिसले म्हणून बरोबर म्हटलं. आणि ३१चंही सांगितलं, ते सांगायचा मला अधिकार नव्हता.

ते म्हणाले, "आत ये, थंडी आहे."

चहा. पुदिना जास्त. 

"तक्त्यात बाण नसतात," ते म्हणाले. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं की हे माझं नाही. तुझं असेल असंही वाटलं."

"मग बोलला का नाही?"

"कुणाला? मला कुणी विचारलं?" मग, "तू चौदा तारखेला आलीस, तीळ घेऊन. मला वाटलं, आता सांगेल. तू खोबऱ्याचंसुद्धा सांगितलं नाहीस."

थट्टा होती ती. मला हसता आलं नाही.

मग विचारलं त्यांनी, तुझं नाव गेलं तर तुझं काय होईल. सांगितलं: तबूक नाही, रिन्यूअल बहुतेक नाही, सांगली. ते म्हणाले, "सांगली आहे ना अजून जागेवर?" नुसतंच विचारलं, टोमणा नव्हता.

आहे म्हटलं.

आतल्या खोलीत मुलगी काहीतरी पाठ करत होती, तेच तेच, इंग्रजी कविता असावी. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. मी निघेपर्यंत वाट बघत होते, मागतील म्हणून. मागितलं असतं तर सोपं झालं असतं.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी नूराच्या ऑफिसात गेले, वेळ न घेता. तिने गहवा मागवला. सुरईसारखी ती उंच चोचीची किटली घेऊन वयस्क माणूस आला, ओतला, गेला. मी फिंजान घेतला. खजूर घेतला नाही. फिंजान तिच्या टेबलावर ठेवला, तिच्या बाजूला, आणि हात मांडीवर ठेवले.

मला असलं काही करता येत नाही.  पण उचलला नाही.

ती बोलता बोलता थांबली. कपाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तूच."

या वेळचं हसणं चांगलं होतं. लगेच गेलं. म्हणाली, "उस्ताजांसाठी?"

हो म्हटलं. मी बाणांचं, तपासणीचं, 'अरबी आवृत्ती मंजूर'च्या ओळीचं सगळं सांगितलं. आणि कपाचंही, तो मी उचलला हे संचालकांना सांगायला माझी हरकत नाही.

ती बराच वेळ बोटाने टेबलावर रेघ ओढत राहिली. "मी म्हणू शकत नाही. पी, काम झालं, असं मला म्हणता येत नाही. हे घर माझं नाही, केतकी. मी म्हटलं आणि झालं नाही, तर ते न म्हणण्यापेक्षा वाईट."

"मग कुणी म्हणायचं?"

"संचालकांनी. तू लिही. आज. त्यांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात मी तुझं पत्र वर ठेवीन, खाली नाही. एवढं माझ्या हातात आहे. आणि वस्तू बुधवारी निघतात. ते स्वतः पोचवायला मस्कतला जाणार आहेत, गुरुवारी परत. त्या म्हाताऱ्याला नाव सांगायच्या आधी त्यांनी हे वाचलेलं असेल."

"वाचतील?"

तिने खांदे उडवले.

मी उठले. सवयीने हात कपाकडे गेला, शेजारी तिचा लॅपटॉप होता. ती म्हणाली, "तो राहू दे. इथे कुणी उचलणार नाही."

ऑफिसात येऊन पत्र लिहिलं, इ.भाईंना आधी दाखवलं. वाचून म्हणाले, "मेरा आधा निकाल दो." काढलं नाही, बदललं: 'कंपनीत' ऐवजी 'आमच्याकडे'. त्यात मीही येते.  त्यांनी थांबवलं नाही. दार उघडंच ठेवून नमाजला गेले.

वै.ताईला मेसेज केला, पाठवतेय. तिचं उत्तर: 'भाडं बघू. आधी जेव.'

इंग्रजीत पाठवलं. इथे मराठीत, म्हणजे मी नक्की काय म्हटलं ते मला कळेल.

माननीय संचालक,

सहाव्या पॅनलवरचे दोन बाण अरबी आवृत्तीत उलटे होते. ते मी बसवले, मी तपासले आणि उलटलेले पाहून बरोबर ठरवले. प्रणालीत दोष नव्हता. मजकुरातही नव्हता. उस्ताज बशीर यांना ते पॅनल कधी दाखवलं गेलं नाही. अरबी पॅनल भाषातज्ज्ञांना दाखवण्याची पद्धत आमच्याकडे नाही. बाण ११ जानेवारीला सरळ केले आहेत. कापड काढून आपण पाहू शकता.

पाहुण्यांनी न पिता ठेवलेला फिंजान मी उचलला. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. त्यांना भेटाल तेव्हा हे सांगावं, ही विनंती.

आपण मागितलेलं नाव माझं आहे. कामावरून हटवायचं असेल तर मला हटवावं. उस्ताज बशीर यांचा करार शनिवारी, ३१ जानेवारीला संपतो, आणि आपल्या पत्रामुळेच तो पुढे चालू केला जात नाही. त्यांच्याविषयी आपली तक्रार नाही एवढं एका ओळीत आमच्या कंपनीला कळवावं, म्हणजे तो चालू राहू शकेल.

हो किंवा नाही, कृपया गुरुवार, २९ जानेवारीपर्यंत उत्तर द्यावं.

केतकी